आधी वेल, मग फुलं: खानापूर-बेळगाव पट्ट्यात सदर्न बर्डविंगसाठी परडं कसं तयार करावं

फुलझाडं लावली, पाण्याची परात ठेवली, दोन पावसाळे वाट बघितली; फुलपाखरू एकदा डोक्यावरून गेलं आणि परत आलं नाही. जांबोटी, खानापूर, बेळगाव भागात ही तक्रार नेहमीची आहे, आणि चूक बहुतेक ठिकाणी एकच असते, क्रमाची. फुलं हे मोठ्या झालेल्या पाखराचं जेवण. पण मादी थांबते ती अळीच्या जेवणासाठी, आणि सदर्न बर्डविंगची अळी फक्त एका कुळातल्या वनस्पती खाते. ती वेल नसेल तर तुमची बाग म्हणजे रस्त्यावरचं चहाचं हॉटेल. घोटभर घेतलं, गाडी पुढे.

दुसरी तऱ्हा त्याहून वाईट. वेल लावतात, अळ्या येतात, आणि मग ‘कीड पडली’ म्हणून फवारतात. किंवा संक्रांतीनंतर कुंपण छाटून पालापाचोळा पेटवतात आणि त्यात कोष जळतात. म्हणून जीवनचक्र माहीत असणं ही इथे हौसेची गोष्ट नाही; कोणत्या महिन्यात कशाला हात लावायचा नाही ते त्यावरूनच ठरतं.

## १. गाव बसतं का ते बघा

सदर्न बर्डविंग हे सह्याद्रीचं फुलपाखरू, कर्नाटकचं राज्य फुलपाखरू. याला सदाहरित किंवा दमट पानझडी जंगल लागतं, जंगलाची कड लागते, ओढ्याकाठची गर्द झाडी लागते. सीमाभागात हा पट्टा पश्चिमेकडचा. कणकुंबी, चोर्ला, जांबोटी, हेम्माडगा, नागरगाळी, लोंढा. पुढे जोयडा आणि कारवारकडचा भाग. वर चंदगड-तिलारीची बाजू. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीला पोचेपर्यंत आजूबाजूचा हिरवा रंग कसा उतरत जातो, हे त्या रस्त्याने गेलेल्याला सांगावं लागत नाही. फुलपाखरूही त्याच उताराने विरळ होत जातं.

- कणकुंबी ते खानापूर, लोंढा: वेल लावा, पाखरू आसपास आहेच.
- बेळगाव शहर आणि पश्चिमेची उपनगरं: येऊ शकतं, पण भरवसा नाही. शेजारी जुनी झाडी असेल तर शक्यता वाढते.
- निपाणी, चिकोडी, अथणी, सौंदत्ती: बर्डविंगची आशा धरू नका. वेल मात्र हीच लावा. तिच्यावर क्रिमझन रोज आणि कॉमन रोज ही बर्डविंगच्याच कुळातली दोन देखणी फुलपाखरं वाढतात.

तपासा: तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जंगलाची कड, देवराई किंवा बारमाही ओलावा असलेला ओहोळ आहे का? नसेल तर पहिल्या दोन वर्षांत निकाल मागू नका.

नर-मादी ओळखणं सोपं. दोघांचे पुढचे पंख काळे, शिरांलगत राखाडी-पांढरट फराटे. मागचे पंख सोनेरी पिवळे; नराच्या पिवळ्याला फक्त काळी किनार, मादीच्या पिवळ्यात काळ्या ठिपक्यांची रांग. पंखांची रुंदी १४ ते १९ सेंटीमीटर, म्हणजे उघडलेला तळहात. ठिपकेवाली परड्यात खाली उतरून पानांना पाय लावत फिरायला लागली की तुमचं काम जमलं.

## २. योग्य वेल ओळखा (सगळ्यात जास्त चुका इथेच)

आपल्याकडे लावायची वेल म्हणजे सापसंद, उर्फ ईश्वरी. कानडीत ईश्वरी बळ्ळी. शास्त्रीय नाव ॲरिस्टोलोकिया इंडिका. जंगलाच्या आतल्या सावलीत तिची मोठ्या पानांची बहीण ॲरिस्टोलोकिया टगाला असते, आणि थोट्टिया नावाच्या झुडपावरही बर्डविंगच्या अळ्या वाढतात. पण परड्यात, गडग्यावर, काजूच्या बांधावर टिकणारी म्हणून सापसंद बरी. कणकुंबीसारख्या दाट सावलीच्या ठिकाणी टगालाचं रोप मिळालं तर तेही लावावं; पान मोठं असल्याने अळीला पुरतं.

नावावर जाऊन रोप विकत घेऊ नका. चार घोटाळे ठरलेले आहेत:

सर्पगंधा. ‘साप’ ऐकून नर्सरीवाला हे देतो. ते ताठ उभं राहणारं झुडूप आहे, वेल नव्हे. अळीच्या काही कामाचं नाही.

शोभेची ईश्वरी. ॲरिस्टोलोकिया लिटोरॅलिस. पान रुंद, गोलसर बदामी. फूल तळहाताएवढं, पांढरट पिवळ्यावर जांभळट तपकिरी नक्षी, मागे बदकाच्या पोटासारखा फुगा. फूल नसलं तरी ओळख पटते: देठ जिथे खोडाला मिळतो तिथे एक छोटं गोल पान खोडाला मिठी मारून बसलेलं असतं. ही वेल नको. ऑस्ट्रेलियातल्या रिचमंड बर्डविंगच्या माद्या तिच्या वासाला फसून तिच्यावर अंडी घालतात आणि अळ्या खाऊन मरतात, हे तिथे पक्कं झालेलं आहे. आपल्या परड्यात तोच प्रयोग करून बघायचं कारण नाही. आधीच लावली असेल तर मुळासकट काढा.

किडामारी. काळ्या रानात जमिनीवर पसरणारी, लहान पानांची. कॉमन रोजला चालते. बर्डविंगच्या अळीला तिचं एक रोप म्हणजे एक घास.

गुळवेल. बदामी पान बघून गडबड होते. गुळवेलीचं खोड जाड, मांसल, त्यावर फोड आणि वरून पातळ सुटणारी साल. सापसंदेचं कोवळं खोड सुतळीसारखं बारीक आणि गुळगुळीत.

खऱ्या सापसंदेचं पान पातळ, लांबट, टोकाकडे थोडं रुंद; एकाच वेलीवर कधी अरुंद, कधी सारंगीच्या आकाराचंही. बुडापासून तीन ठळक शिरा निघतात. चुरडलं की उग्र वास येतो. फूल बोटाच्या पेराएवढं, फिकट हिरवं, त्याची जीभ गडद जांभळी. फळ पिकलं की देठाकडून उकलतं आणि उलट्या छत्रीसारखं लोंबतं. आत चपट्या, पंखवाल्या बिया पत्त्यांच्या कॅटासारख्या रचलेल्या.

सावधान: सापसंद साप-विंचवावर, पोटदुखीवर, बाळंतिणीला देण्याची जुनी पद्धत आहे. देऊ नका. या कुळात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. त्याने किडनी कायमची निकामी होते आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात धरलं आहे. अळी हेच विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. वेल छाटताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर वेल त्याच्या हाताबाहेर चढवा.

## ३. रोप तयार करणं

बी कुठून आणायचं? ओळखीच्या शेताच्या बांधावरून, गडग्यावरून, किंवा वनखात्याच्या आणि औषधी वनस्पतींच्या नर्सरीतून. भीमगड अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून रोप, बी, अळी काहीही उचलू नका. परवानगीशिवाय ते गुन्ह्यात मोडतं. जंगलात ती वेल काही अळ्यांचं ताट आहे, हे तर आहेच.

बियांपासून. फळं पावसाळ्यानंतर धरतात आणि थंडीत पिकतात. हिरवं फळ तोडून उपयोग नाही. पिवळट तपकिरी व्हायला लागलं की फळावर जुन्या मलमलीची पुरचुंडी बांधा, नाहीतर एका वाऱ्यात सगळं बी शेजारच्या शेतात.

1. बी ताजंच पेरा. जुनं बी उगवेल न उगवेल.
2. साध्या पाण्यात रात्रभर भिजवा.
3. माती: दोन भाग तांबडी माती, एक भाग नदीची वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. अर्धवट कुजलेलं खत घातलं की रोप बुडातून सडतं.
4. बी आडवं ठेवून वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर माती भुरभुरवा.
5. सावलीत ठेवा. माती ओलसर राहू द्या, चिखल नको.

उगवायला महिना लागतो, कधी दोन, कधी जास्तही. तीन आठवड्यांत काही दिसलं नाही म्हणून ट्रे उपडा करणारे खूप आहेत. एका पावसाळ्याच्या आत ट्रे टाकू नका.

फाट्यापासून. मृग लागला की, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, जरा जून झालेलं खोड घ्या. हिरवं लवचीक टोक कुजतं आणि पार लाकडी झालेलं खोड फुटत नाही, मधलं घ्यायचं. वीतभर लांबी, तीन डोळे. खालचा डोळा मातीत, वर एकच पान, तेही अर्धं कापलेलं. वीस लावा, पाच-सहा जगल्या तर ठीक झालं म्हणायचं. वरून पाण्याच्या बाटलीचा कापलेला भाग उपडा घालून ठेवला तर प्रमाण सुधारतं, फक्त झाकण काढून ठेवा.

तपासा: नव्या पानाची पहिली जोडी हे मूळ धरल्याचं लक्षण नाही, साठवलेल्या रसावरही पान फुटतं. फाटा हलकेच वर ओढा. विरोध जाणवला तर मुळं आहेत.

## ४. लागवड: खड्डा, आधार, संख्या

रोपाला सहा-आठ पानं आली की आर्द्रा नक्षत्रात, भाताच्या रोपलावणीच्याच सुमारास, जमिनीत लावा. खड्डा फूटभर लांब, रुंद, खोल. एवढं सगळेच करतात. पुढची गोष्ट विसरतात.

आपल्याकडे बऱ्याच परड्यांत वीतभर मातीखाली जांभा असतो. जांभ्यात खणलेला खड्डा म्हणजे हौद. कणकुंबीत पाऊस बेळगावच्या दुपटीहून जास्त, तिथे असा हौद जुलैभर भरलेला राहतो आणि रोप पिवळं पडून मरतं. मग लोक म्हणतात, ही वेल आमच्याकडे जगत नाही.

तपासा: लावण्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. तासाभरात जिरलं तर लावा. तुंबलं तर खड्डा बुजवून वर फूटभर उंच मातीचा ढीग करा आणि ढिगावर लावा, किंवा गडग्याच्या वरच्या अंगाला.

सावली-उन्हाचा हिशोब असा: बूड सावलीत, शेंडा उन्हात. आंबा-फणसाच्या कडेला, पूर्वेच्या बाजूने सकाळचं ऊन येईल अशी जागा उत्तम. भर दुपारच्या उन्हात पान जाड आणि पिवळट होतं. लहान अळीला ते चावत नाही.

आधार बारीक लागतो. सापसंद आधाराभोवती पीळ घालत चढते, तिला चिऱ्याच्या सपाट भिंतीवर चढता येत नाही. बांबूच्या कामट्या, काथ्या, जुनी जाळी चालेल. मांडव सहा-सात फुटांवर ठेवा म्हणजे पानांची खालची बाजू मान वर करून दिसते. नायलॉनची बारीक मच्छीजाळी नको, तिच्यात बाहेर पडणारं पाखरू अडकतं.

आता संख्येचं. एक वेल लावून काहीही होत नाही. बर्डविंगची एक अळी शेवटच्या दोन आठवड्यांत वर्षभराची कोवळी वेल पार बोडकी करते. कमीत कमी आठ-दहा वेली हव्यात, तीन-तीन फुटांवर, आणि शक्य असेल तर दोन ठिकाणी विभागून. एका ठिकाणी मुंग्या लागल्या तर दुसरं वाचतं. पहिलं वर्ष मुळं धरण्यात जातं. खरा पाला दुसऱ्या पावसाळ्यात.

सावधान: काजूची बाग लागून असेल तर आधी अंतर बघा. मोहोराच्या वेळी ढेकण्यासाठी होणाऱ्या फवारणीचे तुषार वाऱ्याने लांब जातात. वेली वाऱ्याच्या वरच्या बाजूला, मध्ये दाट कुंपण ठेवून लावा. निंबोळी अर्क ‘सेंद्रिय’ आहे म्हणून अळीला चालतो असं नाही. तो अळी मारण्यासाठीच असतो.

## ५. आता फुलं

यावर फार वेळ घालवायचं कारण नाही. भूतकेस, पेंटगूळ, कृष्णकिरीट, भांडीर, जास्वंद. भूतकेस आपल्या डोंगरातलाच, त्याच्या पांढऱ्या पानाजवळची नारिंगी फुलं बर्डविंगला लांबून दिसतात. घाणेरीवरही ती येतात, पण म्हणून घाणेरी लावू नका. ती रान व्यापते आणि मग काढता काढता पिढी जाते.

एकच बारकावा. हे पाखरू रस पिताना पुढचे पंख फडफडवतच राहतं, नीट बसत नाही. पंखांना जागा लागते. फुलझाडं दाटीने लावली तर छोटी फुलपाखरं येतील, हे वरच्या वर निघून जाईल. दोन झाडांत चार फूट मोकळे, आणि फुलं छातीच्या उंचीवर किंवा वर.

## ६. अंडं आणि अळी: बघा, हात लावू नका

पाखरू वर्षभर दिसू शकतं, पण आपल्या भागात भर श्रावणापासून दिवाळीपर्यंतचे महिने महत्त्वाचे. पावसाने उघडीप दिली आणि ऊन चढलं की मादी वेलींभोवती हळू, जड उडत फिरते. पानाला पुढच्या पायांनी टिचक्या मारते. ही चव घेणं आहे; तिच्या पायांत चव कळते. पटलं तर पोट वळवून पानाच्या खालच्या बाजूला एकच अंडं. कधी वेलीवर न घालता शेजारच्या काटकीवर किंवा भलत्याच पानावर. म्हणून वेलीखालचं ‘तण’ या दिवसांत साफ करू नका.

अंडं गोल, दोन मिलिमीटरच्या आसपास, तांबूस नारिंगी, वर खरखरीत लेप. उबायला साधारण आठवडा. बाहेर येण्याआधी ते गडद होतं.

तपासा: अंडं गडद झालं आणि दोन-तीन दिवसांत अळी आली नाही, उलट टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, तर आतून गांधीलमाशीच्या जातीतली बारीक माशी बाहेर पडली आहे. यावर उपाय नाही, आणि करायचाही नसतो. सगळी अंडी अशी गेली असं होत नाही.

अळी बाहेर आल्यावर आधी अंड्याचं कवच खाते. ते तिचं पहिलं जेवण. कवच ‘स्वच्छ’ करायला जाऊ नका. मग कोवळी पानं. पाच अवस्था, चार वेळा कात, एकूण तीन ते चार आठवडे. थंडी वाढली की जास्त. रंग गडद तांबूस-तपकिरी, अंगभर मऊ मांसल शंकू, आणि मधोमध फिकट गुलाबी-पांढरा तिरपा पट्टा. छेडलं की मानेमागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

क्रिमझन रोज, कॉमन रोजच्या अळ्या हुबेहूब नसल्या तरी गोंधळ होण्याइतक्या सारख्या असतात, आणि याच वेलीवर असतात. लहानपणी ओळख पटवायचा हट्ट धरू नका. शेवटच्या अवस्थेत फरक आकारात दिसतो: त्यांची अळी करंगळीच्या दोन पेरांएवढी, बर्डविंगची पूर्ण बोटाएवढी लांब आणि जाड.

या टप्प्यावर नेमक्या कोणत्या चुका होतात ते सांगतो.

‘अळी आजारी आहे.’ कात टाकण्याआधी अळी पानावर रेशमाचं बारीक अस्तर विणते, त्यात पाय रोवते आणि दिवसभर किंवा जास्त वेळ काही खात नाही, हलत नाही. डोक्यामागे फुगवटा दिसतो. ती आजारी नाही. या वेळी तिला उचललं तर पाय अस्तरात तुटतात, कात अर्धवट अडकते, आणि मग ती खरंच मरते. वेलीवर जी माणसाच्या हाताने मेलेली अळी सापडते ती बहुधा अशीच.

‘वेल मेली.’ मोठी अळी पानांवर थांबत नाही, खोडाची साल गोल कुरतडते. वरचा भाग सुकून लोंबतो. भीतीदायक दिसतं, पण मूळ जिवंत असतं. पुढच्या ओलीला बुडातून नवे कोंब येतात. वेल मुळासकट उपटू नका.

पाला संपला. भुकेली अळी दिली भोपळ्याच्या वेलीवर सोडून, असं चालत नाही. सापसंद, टगाला याच कुळातलं पान हवं. दुसऱ्या सापसंदेवर हलवायची झाली तर अळीला चिमटीत धरू नका. ती बसलेलं पान देठासकट कापा आणि नव्या वेलीच्या पानात अडकवा. ती आपणहून चढते. स्थिर बसलेली असेल तर थांबा, कात होऊ द्या.

डबा. प्लास्टिकच्या डब्यात अळ्या पाळण्याची हौस टाळा. आपल्या पावसाळी हवेत डब्यात दोन दिवसांत बुरशी येते, विष्ठा कुजते, आणि एक अळी सडली की सगळ्या जातात.

तांबड्या मुंग्या. आंब्यावर पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्या लहान अळ्या ओढून नेतात. औषध मारायचं नाही. मांडवाच्या खांबांना खाली तेलकट चिंधी बांधा आणि आंब्याची फांदी मांडवाला टेकत असेल तेवढी कापा. पूल तोडला की बस्स.

रोज बघितलं पाहिजे असं नाही. आठवड्यातून दोनदा, सकाळी, वही घेऊन. तारीख, कितवी वेल, अंडं की अळी, सेंटीमीटरमध्ये लांबी, शेजारी पट्टी धरून फोटो. ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘बटरफ्लाईज ऑफ इंडिया’ या वेबसाइटवर फोटो टाकलात तर ओळखही पक्की होते. जंगलालगतचं घर असेल तर नेमकं ठिकाण मात्र झाकून टाका. बर्डविंग जगभर गोळा करून विकली जातात म्हणून या पाखराचा व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ खाली नियंत्रित आहे.

## ७. कोष: ज्याला सगळे विसरतात

पूर्ण वाढलेली अळी एक दिवस खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि वेल सोडून चालायला लागते. ‘अळ्या नाहीशा झाल्या, पक्ष्यांनी खाल्ल्या’ असा निष्कर्ष याच दिवशी निघतो. ती गेलेली असते कोषाची जागा शोधायला: कुंपणातल्या काटकीवर, पेरूच्या पानाखाली, गोठ्याच्या वाशाला, कधी बऱ्याच अंतरावर.

तिथे शेपटीकडचं टोक रेशमाच्या गादीत अडकवून, कमरेला दोरा बांधून, ती तिरकी लटकते आणि दोन-एक दिवसांत कोष होतो. रंग तपकिरी किंवा हिरवट, दिसतो वाळलेल्या मुरडलेल्या पानासारखा. शेजारून गेलात तरी दिसणार नाही. धक्का लागला तर अंग झटकतो आणि कधी सुस्कारल्यासारखा आवाज करतो. साप समजून काठी घालणारेही आहेत. हा काळ साधारण तीन आठवडे, गारठ्यात लांबतो.

सावधान: वेलींच्या भोवती पंधरा-वीस फुटांत ऑगस्ट ते जानेवारी कुंपण छाटणी नाही, झाडलोट करून पेटवणं नाही, गोठ्याला चुना-रंग नाही. करायलाच लागलं तर आधी काटकी काटकी बघा. संध्याकाळी टॉर्चचा तिरपा उजेड टाकला तर कोषाची सावली पानापेक्षा जाड पडते.

कोष खाली पडला तर: फुटून रस गळत नसेल तर जिवंत असू शकतो. जाड कागदाचा द्रोण करा, कोष डोकं वर ठेवून त्यात उभा ठेवा, द्रोण सावलीतल्या काटकीला बांधा. द्रोणाच्या वर खरखरीत काटकी किंवा कापड येईल असं बघा, कारण बाहेर आल्यावर पाखराला पकडून वर चढायला काहीतरी लागतं. गुळगुळीत कागदावरून ते घसरतं. डिंक किंवा फेव्हिकॉल कोषाला लावू नका.

## ८. बाहेर येणं

शेवटच्या एक-दोन दिवसांत कोष गडद होतो, कवचातून पंखांचा काळा-पिवळा रंग जाणवतो. पाखरू बहुधा सकाळी बाहेर पडतं. पंख ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले, पोट फुगलेलं. वर चढून लटकतं, पोटातला रस पंखांच्या शिरांत ढकलतं, आणि पंख उलगडतात. खाली तांबूस थेंब पडतात. ते रक्त नव्हे, कोषात साठलेली घाण आहे.

पंख वाळायला काही तास लागतात. या वेळात त्याला बोटावर घेऊन फोटो काढू नका. ओला पंख एकदा मुडपला की तसाच वाळतो, आणि मग ते उडत नाही. पावसाची सर आली तर वर छत्री अडकवा, पाखरू जागेवरच राहू द्या.

## ९. छाटणी आणि उन्हाळा

फेब्रुवारीत, सगळे कोष रिकामे असल्याची खात्री झाल्यावर, मेलेलं खोड छाटा. रिकाम्या कोषाच्या डोक्याकडचा भाग उघडा असतो आणि तो बोटाला हलका लागतो. बाजूला गोल भोक दिसलं तर परजीवी माशी बाहेर पडलेली आहे, तोही रिकामाच. जड आणि बंद असेल त्या काटकीला हात लावायचा नाही.

होळीनंतर सापसंद पानं टाकते आणि पुष्कळदा वरून पूर्ण वाळते. ‘गेली’ म्हणून खणून काढू नका. बुडाजवळचं खोड नखाने खरवडा, आत हिरवं असेल तर वेल झोपली आहे. तेही कोरडं असेल तर दोन बोटं माती बाजूला करून मुळाचा वरचा भाग बघा. मूळ टणक आणि आत पिवळसर असेल तर चालेल, दाबल्यावर भुसा झाला तर वेल खरंच संपली.

वाळक्या पानांचा चार बोटं जाड थर बुडाभोवती घाला, खोडाला मात्र टेकू देऊ नका, वाळवी लागते. मार्च ते मे आठवड्याला एका वेलीला अर्धी बादली पाणी, संध्याकाळी. रोज पाणी घातलं तर झोपलेलं मूळ कुजतं. मे महिन्यात वळीव पडला की पाणी बंद करा आणि कामट्या-काथ्या बदलून घ्या, कारण कोंब जमिनीबाहेर आला की दोन-चार दिवसांत त्याला धरायला काहीतरी लागतं, आणि जुना कुजका काथ्या ऑगस्टच्या पावसात अळ्यांसकट खाली येतो.